“एवढंच खाल्लंस?” आणि “किती खातेस!” : घरातली जेवणाची वाक्यं ओळखायची कशी, बदलायची कशी

गेल्या वर्षी जूनच्या शेवटी लेकीचं दप्तर धुवायला काढलं, तेव्हा आतल्या कप्प्यात तीन पोळ्या सापडल्या. टिश्यूपेपरात एकेक वेगळी गुंडाळलेली. एक वाळून पापड झाली होती, दुसरीवर बुरशीचा हिरवा ठिपका होता, तिसरी अजून मऊ होती, म्हणजे त्याच दिवशीची. डबा मात्र रोज रिकामा येत होता आणि मी तो समाधानाने घासत होते.

लेक तेरा वर्षांची. विचारल्यावर आधी काही बोलेना, मग एकदम रडायला लागली. मे महिन्यात घरच्या एका लग्नात तिच्या ताटाकडे बघून नात्यातल्या एक बाई म्हणाल्या होत्या, “अगं, जरा आवर. उद्या तुझ्या लग्नात दोन शालू जोडून नेसवावे लागतील.” पंगत हसली होती. मीही हसले होते. मी ते विसरूनही गेले. तिला मात्र शब्द न् शब्द पाठ होता.

त्यानंतर वर्षभर आम्ही घरातलं जेवणाभोवतीचं बोलणं बदलत आलो आहोत. एका आहारतज्ज्ञ बाईंशी आणि समुपदेशकाशी बोललो, मी स्वतः बरंच वाचलं. काही गोष्टी जमल्या, काही अजून जमत नाहीत. जे केलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. आपल्याकडे ताटाबद्दल बोलणारी माणसं बहुतेक वेळा मायेनेच बोलतात, म्हणूनच त्यांना थांबवणं जड जातं. त्यामुळे माणसं बदलायच्या फंदात पडू नका. वाक्यं बदला.

पायरी १ : आठवडाभर फक्त ऐका आणि लिहा

ओट्याजवळ एक जुनी वही ठेवा. जेवणाबद्दल आणि अंगाबद्दल घरात जे जे बोललं जाईल ते जसंच्या तसं लिहा. कोण म्हणालं, कुणाला म्हणालं, एवढंच. कुणाला टोकू नका, समजावू नका. फोनवर बोललेलंही लिहा; मुलं अभ्यास करत असली तरी कान इकडेच असतात. आणि स्वतःची वाक्यं गाळू नका.

आमच्या वहीत पहिल्या चार दिवसांत हे आलं होतं:

“ताटात एक शीत ठेवायचं नाही.”
“भाजी संपव, मग श्रीखंड.”
“खाल्लेलं अंगाला लागतच नाही या मुलाच्या.”
“काय गं, सुटलीस की!”
“मी काल पाप केलं, दोन गुलाबजाम खाल्ले.”
“तिला नको अजून भात, आधीच बघ.”
“त्याला वाढ अजून, वाढतं वय आहे.”
“माझं काय, मी खाईन उरलंसुरलं.”

शेवटून दुसरं आणि तिसरं वाक्य एकाच जेवणात, पाच मिनिटांच्या अंतराने बोललं गेलं होतं. मुलीला कमी, मुलाला जास्त. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी तेराची, म्हणजे खरं वाढतं वय तिचंच. मी हे वहीत लिहीपर्यंत घरात कुणाच्याच, माझ्याही, लक्षात आलं नव्हतं.

आठवड्याने वही घेऊन बसा आणि प्रत्येक वाक्यासमोर लिहा: हे ऐकून मूल काय शिकलं असेल? बोलणाऱ्याचा हेतू बाजूला ठेवून, ऐकणाऱ्याच्या जागी बसून. “संपव” मधून मूल शिकतं की पोट भरलं का हे पोटाला विचारायचं नसतं, ताटाला विचारायचं असतं. “भाजी संपव, मग श्रीखंड” मधून शिकतं की भाजी ही शिक्षा आणि श्रीखंड हे बक्षीस. “पाप केलं” मधून शिकतं की खाल्ल्यावर लाज वाटली पाहिजे. आणि “अंगाला लागत नाही” मधून शिकतं की आपलं अंग सगळ्यांसाठी चर्चेचा विषय आहे.

पायरी २ : वाक्याचं गाव शोधा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा असं सांगेन. वाक्य कुठून आलं हे कळलं की रागाची धार जाते, आणि मग बोलणाऱ्याशी बोलता येतं.

आमच्या घरातलं “एक शीत ठेवायचं नाही” हे सासूबाईंचं. त्या माणदेशातल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या अकरा वर्षांच्या होत्या. आईबरोबर खडी फोडायला जायच्या. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना चिरा पडायच्या. कामावरच्या मुलांना सुकडी वाटायचे. ती त्या ओढणीच्या टोकाला बांधून घरी आणायच्या, धाकट्या भावासाठी. हे त्यांनी मला लग्नानंतर सतरा वर्षांनी सांगितलं, कारण तोवर मी कधी विचारलंच नव्हतं. “पोरं ताटात टाकतात तेव्हा मला ती खडी दिसते गं,” असं म्हणाल्या.

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हे “बहात्तर” अजून जेवायला बसतं. कुणाच्या घरी ते गिरण्यांच्या संपाचं वर्ष असेल, कुणाच्या घरी सहा भावंडांत वाटलेली एक अंडाभुर्जी. “खा खा” असा आग्रह करणारी पिढी उपाशी राहिलेली आहे. त्यांच्यासाठी गुबगुबीत मूल म्हणजे सुखरूप मूल. बाळसं हा शब्द आपण किती कौतुकाने वापरतो बघा. पण तेच बाळसं तेराव्या वर्षी दिसलं की कौतुक संपतं आणि मुलीला “स्थळं येताना बघतात” हे ऐकवायला सुरुवात होते. आधी दहा वर्षं “खा गं” आणि मग एका उन्हाळ्यात अचानक “किती खातेस”. अंग तेच, ताट तेच, बोलणारी माणसंही तीच. मुलीने यातून काय समजायचं?

तर करायचं असं: घरातल्या थोरांपैकी एकाजवळ निवांत बसा. शेंगा सोलताना, मेथी निवडताना. विचारा, “तुमच्या लहानपणी जेवायला काय असायचं? पहिल्यांदा कोण बसायचं? पोळी कधी मिळायची?” शक्य असेल तर मुलांना सोबत बसवा. सुधारणेचा विषय त्या दिवशी काढूच नका.

पायरी ३ : किती खायचं ते मुलाच्या पोटावर सोडा

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची एक साधी वाटणी सांगितली आहे. काय शिजवायचं, कधी जेवायचं आणि कुठे बसून जेवायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं काय आणि किती खायचं हे मुलाने ठरवायचं. वाचायला सोपं आहे. करायला लागल्यावर हात आपोआप वाढायला जातो.

आम्ही असं केलं. पातेली आणि पोळ्यांचा डबा मधोमध. प्रत्येकाने स्वतः वाढून घ्यायचं, लहान डावाने. नियम एकच: “थोडं घे, लागलं तर परत घे.” हे वाक्य सासूबाईंनाही पटलं, कारण यात अन्न वाया जात नाही. त्यांची भीती तीच होती. उरलेली पोळी ताटात राहण्याऐवजी डब्यात राहते आणि सकाळी तिची फोडणीची पोळी होते. अन्नाचा मान राखला जातो आणि पोटाचाही. मूल तीन वर्षांचं असेल तर तुम्ही वाढा, पण दोनच घास वाढा आणि पुढचं त्याला मागू द्या.

बळजबरीचा परिणाम उलटा होतो, हे तपासलेलं आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बालवाडीच्या मुलांना दोन प्रकारची सुपं दिली. एक देताना “संपवा” असा तगादा लावला, दुसरं देताना काहीच म्हटलं नाही. ज्याचा तगादा लावला ते सूप मुलांनी कमी प्यायलं आणि त्याला नावंही जास्त ठेवली. आपल्या घरातलं कारलं आठवा.

नवीन भाजी मुलाला आवडायला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. समोर यावी, तोंडात कोंबावी नाही. तुम्ही स्वतः चवीने खा, त्याच्या ताटात चिमूटभर ठेवा आणि त्याबद्दल बोलू नका. पहिले काही दिवस मूल भाजीला हातही लावणार नाही, तूपभातच खाईल. खाऊ द्या. जेवणाची वेळ मात्र सोडू नका. मधल्या वेळात बिस्किटाचा पुडा उघडला की ही पद्धत कोलमडते. आमच्याकडे संध्याकाळी पाचला खाणं, आठला जेवण, मध्ये पाणी किंवा ताक.

(अगदी लहान बाळांसाठी “एक घास चिऊचा, एक घास काऊचा” चालू ठेवा, त्यात खेळ आहे. पण बाळाने तोंड फिरवलं की थांबा. चिऊ उडून गेली म्हणा. मोबाइल दाखवून भरवलेल्या घासात बाळाला स्वतःचं पोट कळायची सोय उरत नाही.)

पायरी ४ : अंगावरचं बोलणं घरातून काढा

बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच.

“जाडी”, “ढोली”, “गोलू”, “काडी”, “हाडक्या” ही लाडाची नावं बंद. “वाळलीस गं” बंद, “सुटलीस गं” बंद, आणि “बारीक झालीस, छान दिसतेस” हेही बंद. शेवटचं लोकांना पटत नाही, कारण ती स्तुती आहे. पण ज्या मुलीने दप्तरात पोळ्या लपवून वजन कमी केलं, तिला तुम्ही सांगता की पोळ्या लपवल्याचं चीज झालं. माझ्या लेकीला जूनमध्ये दोन जणींनी अगदी हेच म्हटलं होतं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात किशोरवयीन मुलं आणि त्यांचे आईवडील यांचा मोठा अभ्यास झाला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांत आईवडील मुलांच्या वजनाबद्दल, आकाराबद्दल बोलत, तिथल्या मुलांमध्ये उपाशी राहणं, घातक उपायांनी वजन उतरवणं, भसाभसा खाणं जास्त आढळलं. जिथे बोलणं फक्त पौष्टिक खाण्यापुरतं होतं, तिथे चित्र बरं होतं. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेनेही २०१६ मध्ये हेच सांगितलं: वजनावर बोलू नका, चिडवू नका, डाएट करायला लावू नका, एकत्र जेवा.

तेव्हा बोलायचं काय? नाचून आल्यावर दमली का, जिना चढताना दम लागतो का, झोप नीट लागते का, भूक लागते का. शरीर काय करतं याबद्दल बोला.

एक छोटी गोष्ट सांगते. लेकीचा ड्रेस शिवायला टाकताना मी वर्षानुवर्षं म्हणायचे, “जरा अंगाने भरलीय, सैल ठेवा.” ती शेजारीच उभी असायची, टेप गुंडाळलेली. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात त्याला आपण माया म्हणतो. आता मी म्हणते, “वाढतं अंग आहे, माया जास्त ठेवा.” काम तेच होतं, कापड तेवढंच लागतं. आणि ते खरंही आहे: पाळी सुरू होण्याच्या आधी आणि नंतरच्या वर्षांत मुलींचं वजन वाढतं, कमरेला-मांड्यांना चरबी येते. ती यावीच लागते. हे मुलीला दहाव्या-अकराव्या वर्षीच सांगून ठेवा, म्हणजे जीन्सचं बटण लागेनासं झाल्यावर ती स्वतःला दोष देणार नाही. न बसणारे कपडे कपाटातून ताबडतोब काढा. “बारीक झालीस की घाल” म्हणून टांगून ठेवलेला ड्रेस रोज सकाळी तिला तेच वाक्य ऐकवतो.

आता नातेवाईक. लग्न, मुंज, गणपती, हळदीकुंकू इथे तुमची वही चालत नाही. तिथे तयारीने जावं लागतं. काही उत्तरं मी पाठ करून ठेवली आहेत:

मावशीला: “मावशी, तिच्या तब्येतीवर आम्ही बोलत नाही आता घरात. तिने कथ्थकची परीक्षा दिली, ते विचार ना तिला.”

वयाने आणि मानाने मोठ्यांना: “काकू, तुमचा जीव आहे तिच्यावर, मला माहीत आहे. पण ती मनाला लावून घेते. एवढं माझ्यासाठी टाळा.”

आग्रह करणाऱ्यांना: “पोट भरलंय, पण मोह सुटत नाही. डब्यात दोन द्या, उद्या खाईन.” आपल्याकडे आग्रह मोडला की यजमान दुखावतात, डबा मागितला की त्यांचा मान राहतो. “तुला माझी शपथ” पर्यंत प्रकरण जाऊ द्यायचं नाही.

हे मुलीच्या देखत म्हणा. समोरची व्यक्ती ऐकेलच असं नाही. पण आपली आई पंगतीत हसली नाही, बोलली, हे मुलगी बघते. एका मोठ्या आत्यांना मी बोलले तर त्या महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. दिवाळीत बोलायला लागल्या, आणि तेव्हा लेकीला पहिला प्रश्न कथ्थकचाच विचारला.

पायरी ५ : फराळाचा डबा खाली आणा

करंज्यांचा डबा माळ्यावर किंवा देवघराच्या वर ठेवायची पद्धत असेल तर बदला. मनाई केली की हाव वाढते. १९९९ मध्ये एका अभ्यासात लहान मुलांसमोर टेबलावर पारदर्शक बरणीत खाऊ ठेवला आणि थोडाच वेळ खायची मुभा दिली. मुलांचं सगळं लक्ष, सगळं बोलणं त्या बरणीभोवतीच फिरू लागलं.

पण डबा खाली आणायचा म्हणजे दिवसभर उघडा ठेवायचा नाही. गोडाला जेवणातली एक जागा द्या. दिवाळीत आम्ही सकाळच्या फराळाला सगळं मांडतो, हवं ते घ्या. जेवताना गोड असेल तर ते भाजीसोबतच ताटात वाढलं जातं, शेवटचं बक्षीस म्हणून नाही. सासूबाईंना हे नवीन वाटलंच नाही; सणाच्या पानात गोड पहिल्यापासून वाढलेलंच असतं की! पहिले चार दिवस मुलाने फक्त चिरोटे खाल्ले. पाचव्या दिवशी त्याने स्वतःहून पोळी-भाजी मागितली.

अभ्यास केला म्हणून चॉकलेट, रडला म्हणून आइस्क्रीम, उलट बोलला म्हणून जेवण नाही, हे तिन्ही सौदे बंद करा. साखरेला “पांढरं विष” म्हणणंही. ज्या मुलाला आपण विष खाल्लं असं वाटतं ते नंतर लपून खातं, आणि लपून खाणारा माणूस भराभर खातो.

पायरी ६ : आईचं ताट

पोळ्यांच्या त्या दिवशी लेक रडता रडता म्हणाली होती, “तू पण तर मोजतेस.” खरं होतं. मी सगळ्यांना वाढून ओट्याशी उभ्याने खायचे, एक पोळी आणि कढईला लागलेली भाजी. आरशासमोर पोट आत ओढून “काय झालंय माझं” म्हणायचे. डाएट सुरू करायचे, मोडायचे, “खाईन तर तुपाशी नाहीतर उपाशी” असं माझं चाललेलं. मी तिला कधी एका शब्दाने कमी खा म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के जणींना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही प्रमाण निम्म्याहून जास्तच होतं. त्यामागे कारणं अनेक आहेत. पण बायका शेवटी जेवतात आणि उरलेलं जेवतात, तेव्हा वरण तळाशी गेलेलं असतं, उसळ संपलेली असते. या सवयीला आपण त्याग म्हणतो. मुली तिला रीत समजून उचलतात.

म्हणून: बसा. सगळ्यांबरोबर, त्याच वेळी, पूर्ण ताट घेऊन. गरम पोळ्यांचा हट्ट असेल तर आधी करून डब्यात ठेवा किंवा एक दिवस नवऱ्याला तव्याशी उभं करा. शिळी पोळी सगळ्यांनी वाटून खायची. आणि स्वतःच्या अंगाबद्दल मुलांसमोर बोलू नका. आरशासमोर काही चांगलं सुचत नसेल तर गप्प राहा. मला हे जमायला चार महिने लागले.

उपवासाबद्दल एक वेगळी सूचना, कारण ही गोष्ट आपल्याच घरात दडते. श्रद्धेने उपवास करणाऱ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण वाढत्या वयाच्या मुलीने अचानक सोमवार, गुरुवार, चतुर्थी सगळेच धरायला सुरुवात केली आणि खिचडीही नको म्हणाली, तर कौतुक करायच्या आधी तिच्याजवळ बसा. देवाच्या नावाने उपाशी राहणं घरात कुणी अडवत नाही, हे मुलींना चांगलं ठाऊक असतं.

मुलग्यांकडेही बघा

मुलग्यांचं दुःख उलट्या बाजूने येतं. “पोरासारखा पोर असून काडी”, “वाऱ्याने उडशील”. मग चौदाव्या-पंधराव्या वर्षी जिम, पावडरचे डबे, दिवसाला दहा अंडी. आणि गुबगुबीत मुलगा तर वर्गातही ऐकतो, घरातही. चौथ्या पायरीतलं सगळं त्यांनाही लागू. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीही पावडर घरात येणार नाही, एवढं ठाम सांगा.

वजनाचा खरंच प्रश्न असेल तर

घरात मधुमेह आहे, मुलाचं वजन झपाट्याने वाढतंय, डॉक्टरांनी सांगितलंय. मग गप्प बसायचं का? नाही. पण काट्याला एवढा मानही द्यायचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसालाही मधुमेहाचा धोका असतो, हे त्यातून ठळक झालं. म्हणजे घरातला “काडी” निर्धास्त आणि “गोलू” आजारी, हा हिशोबच चुकीचा.

बदल करायचाच तर सगळ्या घराने करा. एकाच मुलासाठी वेगळी भाकरी आणि वेगळी वाटी नको. जेवणानंतर सगळ्यांनी मिळून फेरफटका, उसळी-डाळी वाढवणं, बाटलीबंद गोड पेय घरात न आणणं. आजोबांची साखर आणि नातवाचं वजन, दोन्हींचा उपाय एकाच स्वयंपाकातून होतो. तपासण्या आणि वजन डॉक्टरांच्या खोलीत. तिथेही “आकडा मुलासमोर बोलू नका, मला सांगा” असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

कधी थांबायचं नाही

खालच्या गोष्टी दिसल्या तर घरगुती उपायांत आठवडे घालवू नका: जेवण झालं की लगेच बाथरूममध्ये जाणं आणि नळ सोडून ठेवणं, पाळी तीन महिने न येणं, चक्कर, सतत थंडी वाजणं, केस गळणं, उन्हाळ्यातही ढगळ, लांब बाह्यांचे कपडे, जेवण लपवणं किंवा एकट्याने खूप खाऊन नंतर लपणं, आधी आवडणाऱ्या पदार्थांची भीती, दिवसातून अनेकदा वजन करणं, पोट साफ करायच्या गोळ्या दप्तरात सापडणं. हे नखरे नाहीत आणि वयाचा भागही नाही. हा आजार आहे, तो जिवावर बेतू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. बारीक नसलेल्या मुलांनाही तो होतो, आणि मुलग्यांनाही.

आधी बालरोगतज्ज्ञ किंवा घरचे डॉक्टर, मग मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही बोलते. पहिलं पाऊल म्हणून तिथे फोन करा. अनेक दिवस अगदी कमी खाल्लेल्या मुलीला घरी एकदम भरपूर खायला घालू नका; त्याने क्षारांचं प्रमाण बिघडून प्रकृती गंभीर होऊ शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

तिच्याशी बोलताना पुरावा फेकल्यासारखं बोलू नका. मी पोळ्या हातात घेऊनच तिच्या खोलीत गेले होते, ते चुकलं माझं. “तुला जेवताना त्रास होतोय असं मला वाटतंय, मी रागावलेले नाही, आपण दोघी मिळून कुणालातरी विचारू” हे वाक्य नंतर समुपदेशकाने शिकवलं.

चुकलं तर

चुकणारच. ही वाक्यं तोंडात पिढ्यान्‌पिढ्या बसलेली आहेत. चूक लक्षात आली की तिथल्या तिथे, त्याच जेवणात दुरुस्त करा. रात्री एकटीने हळहळून मुलाला काही कळत नाही.

या दिवाळीत लेकीने तिसरी करंजी उचलली आणि माझ्या तोंडून गेलंच, “अजून एक?” तिने करंजी लगेच खाली ठेवली. मी म्हटलं, “चुकलं माझं. माझी सवय आहे ती, तुझं काही चुकलं नाही. हवी असेल तर घे.” ती थोडा वेळ डब्याकडे बघत बसली. सासूबाई शेजारी चकल्या मोजून आत्याच्या डब्यात भरत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, “लागलं तर घे गं.” तिने करंजी मोडली, अर्धी खाल्ली, अर्धी परत डब्यात ठेवली आणि झाकण लावून खेळायला गेली.